उतरत्या पाण्यातला मासा

गंगेला पूर आला की जो तो पाणी कुठवर चढलं ते विचारतो. आमच्याकडे गोदावरी कुणी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. मी मात्र पाणी उतरायला कधी लागलं ते विचारते, आणि त्यासाठी बापूंना फोन लावते. ते धर्माबाद तालुक्यात, अगदी काठावरच्या आमच्या गावात राहतात. मी नांदेडला कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. गळ टाकायला मला त्यांनीच शिकवलं. चढत्या पाण्यात मासा जीव सांभाळतो, उतरत्या पाण्यात पोट सांभाळतो, असं ते म्हणतात. पुढे स्कॉटलंडमध्ये डी नदीच्या काठावर उभी असताना तिथल्या गिलीनंही, म्हणजे मासेमारीच्या वाटाड्यानंही, मला उतरत्या पाण्याचीच वाट बघायला सांगितलं. फरक एवढाच, की त्याच्या माशाला भूक नव्हती.

यंदाचा पूर, म्हणजे सप्टेंबर २०२५ चा, मराठवाड्यात कुणी विसरणार नाही. २८ सप्टेंबरला जायकवाडीतून तीन लाख क्युसेकच्या वर विसर्ग झाला. २००६ च्या ऑगस्टमध्ये अडीच लाखांच्या आसपास पाणी सोडलं होतं, तेव्हा पैठण पाण्यात गेलं होतं. हे त्याहूनही जास्त. नेहमीचे १८ दरवाजे पुरले नाहीत, आपत्कालीन ९ ही उघडावे लागले. त्या पाण्यात वाटेत सिंदफणा मिळते, दुधनेला घेऊन पूर्णा मिळते, मग विष्णुपुरी, मग नांदेडचे घाट, आणि मग आमचं गाव. आमच्या खाली लगेच तेलंगणातल्या पोचमपाड धरणाचा फुगवटा. वरचं पाणी पुढे लोटतं, खालचं मागे दाबतं. सोयाबीन काढणीला आलं होतं. शेंगांना उभ्या जागी कोंब फुटले. कापसाची बोंडं काळी पडली. पंचनामे होईपर्यंत गावात गळाचं नाव कुणी काढलं नाही, मीही नाही. लोकांच्या घरातलं धान्य भिजलेलं असताना काठी खांद्यावर टाकून त्यांच्या दारावरून जाणं मला जमत नाही.

दसरा झाला आणि पाणी उतरू लागलं. बापू संध्याकाळी पाण्याच्या कडेला तुऱ्हाटी रोवतात. सकाळी जाऊन बघतात, पाणी तुऱ्हाटीपासून किती हटलं. मग फोन. "बाई, दोन हात उतरलं बघ. सावकाश उतरूलालंय." यातला 'सावकाश' हा शब्द ऐकला की मी शनिवारची सकाळची गाडी धरते. पाणी झपाट्यानं उतरलं, म्हणजे वरच्या धरणाचे दरवाजे एकदम बंद झाले, तर मासा बावरतो. उथळ खड्ड्यांत अडकतो आणि तिथे बगळे-कावळे त्याला संपवतात. सावकाश उतरणाऱ्या पाण्यात त्याला खोल जागा शोधायला वेळ मिळतो. म्हणून पुरानंतर मी रोज जायकवाडी आणि विष्णुपुरीच्या विसर्गाचे आकडे बघते. आमच्या नदीचा उतार आभाळावर कमी आणि दरवाज्यांवर जास्त ठरतो.

दुसरी खूण रंगाची. कोपरापर्यंत हात बुडवायचा. बोटांची नखं दिसली तर पाणी फ्लायला, म्हणजे पिसं-केसांच्या बनावटी आमिषाला, तयार आहे. नाही दिसली तर गांडूळ लावून तळाला गळ सोडायचा, नाहीतर घरी जाऊन जेवायचं. काळ्या मातीचे कण इतके बारीक असतात की ते पाण्यात दिवसेंदिवस तरंगत राहतात. त्यामुळे गंगा लवकर निवळत नाही. डी नदीचं खोरं ग्रॅनाइटच्या डोंगरांचं आणि पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याच्या, पाणथळ जमिनीचं. तिथे पूर येतो तोही गढूळ, पण एक-दोन दिवसांत गाळ बसतो आणि मागे उरतं ते कोऱ्या चहाच्या रंगाचं स्वच्छ पाणी. त्या रंगाची वाट बघत तिथले लोक हंगामभर थांबलेले असतात.

माझा धाकटा भाऊ ॲबर्डीनला नोकरीला आहे. मी त्याच्याकडे गेले तो ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा होता. डीवरचा सामन (salmon) माशाचा हंगाम १५ ऑक्टोबरला संपतो, त्यामुळे घाई होती. त्यात वरच्या डोंगरात मोठा पाऊस होऊन नदी काठाबाहेर गेलेली. भावानं एका टप्प्यावर माझ्यासाठी एका दिवसाची परवानगी घेऊन ठेवली होती. नदीचे असे टप्पे तिथे खासगी मालकीचे असतात, त्यांना बीट म्हणतात, आणि त्या बीटचा राखणदार, वाटाड्या, गुरू असा सगळा मिळून एक माणूस म्हणजे गिली. मला भेटलेले गिली साठीच्या पुढचे होते. सकाळी त्यांनी मला काठी हातात दिलीच नाही. पाण्यात एक खडक होता, त्याच्या माथ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, तो ओला माथा सुकायला लागला की उतरू. तोवर त्यांच्या झोपडीत शेकोटीपाशी बसायचं. मला तुऱ्हाटी आठवली.

सामनबद्दल मी वर्गात शिकवत आले होते, पण ते शिकवणं आणि त्याच्या पाण्यात उभं राहणं यात फार अंतर आहे. हा मासा गोड्या पाण्यात जन्मतो, दोन-तीन वर्षं तिथे काढतो, समुद्रात जातो, तिथे वाढतो आणि अंडी घालायला वासाच्या ओळखीवर आपल्याच नदीत परततो. नदीत शिरला की तो खाणं थांबवतो. त्याची आतडी आक्रसतात. समुद्रात साठवलेल्या चरबीवर तो महिनोन्‌महिने जगतो. मग न खाणारा मासा गळाला का लागतो? कुणी म्हणतं चिडून, कुणी म्हणतं लहानपणीच्या सवयीनं. गिली म्हणाले, "कारण त्यालाच विचारावं लागेल. मला एवढंच माहीत आहे की नदी उतरत असताना तो जागा बदलतो, आणि नव्या जागी टेकल्यावर थोडा वेळ तो तापट असतो." पुराच्या पाण्यात सामन वर सरकतो, पाणी कमी होऊ लागलं की एखाद्या डोहाच्या शेपटाशी, दगडाच्या आडोशाला थांबतो. थांबल्यानंतरचे पहिले काही तास मासेमाराचे.

फ्लाय म्हणजे पिसं आणि केस बांधून केलेला गळ. तिला वजन जवळजवळ नसतंच. वजन असतं दोरीला. म्हणून गळ भिरकावायचा नसतो, दोरी भिरकावायची असते आणि गळ तिच्यामागून जातो. डीवर मागे झाडं असतात, दोरी मागे नेता येत नाही. त्यासाठी चौदा-पंधरा फुटांची दोन्ही हातांनी धरायची काठी आणि स्पे कास्ट नावाची फेक. दोरी पाण्यावर आपल्या बाजूला टेकवायची, काठीनं तिचा मोठा फास करायचा आणि पुढे सोडायचा. दोरी तिरकी पलीकडे पडते, प्रवाह तिला ओढून आपल्या काठाकडे आणतो, फ्लाय त्या कमानीत पोहत येते. मग एक पाऊल खाली सरकायचं आणि पुन्हा फेकायची. थंडी वाढलेली आणि पाणी अजून जोरात असल्यानं गिलींनी बुडणारी दोरी दिली आणि पितळी नळीवर बांधलेली विली गन नावाची फ्लाय, काळ्या-पिवळ्या-नारिंगी केसांची. त्या उंच पाण्यात तेच रंग दिसतात म्हणे. सामन मला लागला नाही. दुपारनंतर पलीकडच्या कडेला एकानं पाण्याबाहेर उडी घेतली, तांबूस अंगाचा, खालचा जबडा आकड्यासारखा वळलेला नर. मी फेक थांबवून बघत राहिले. लागला असता तरी सोडायचाच होता. डीवर पकडलेला सामन परत पाण्यात सोडतात. २०२३ मध्ये ब्रिटनमधला अटलांटिक सामन धोक्यातल्या जातींच्या यादीत गेला, त्यामुळे हा नियम मला पूर्ण पटतो.

त्याच सहलीत टे नदीकाठी गेलो. ७ ऑक्टोबर १९२२ ला जॉर्जिना बॅलंटाइन या बाईंनी तिथे ६४ पौंडांचा, म्हणजे २९ किलोंचा सामन काठीवर काढला. ब्रिटनमध्ये काठीनं पकडलेल्या सामनचा तो विक्रम अजून मोडलेला नाही. तो फ्लायवर नव्हता, आमिषाच्या माशावर होता, आणि होडीत तिच्यासोबत तिचे वडील होते. मी हे बापूंना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "होडी कोण धरली होती?" मासा लागल्यावर होडी सांभाळणाऱ्याचं काम किती कठीण असतं ते त्यांना ठाऊक आहे.

आता आमच्या माशांकडे येते. शरदातल्या पुराचा अर्थ डीवर आणि गंगेवर अगदी उलट आहे, आणि हे समजल्यापासून माझी गळ टाकायची पद्धतच बदलली. सामन अंडी घालतो नोव्हेंबर-डिसेंबरात. मादी शेपटीनं गोट्यांत खळगा करते, अंडी पुरते, ती चार-पाच महिने थंड पाण्यात गोट्यांखाली राहतात. त्याआधी पूर आला तर फायदा. गोटे धुऊन निघतात आणि मासा वरच्या लहान ओढ्यांपर्यंत पोचतो. त्यानंतर पूर आला तर अंडी गोट्यांसकट वाहून जाऊ शकतात. डिसेंबर २०१५ अखेरच्या फ्रँक वादळात डी नदी बॅलेटर गावात घुसली, तेव्हा अंडी गोट्यांतच होती. आमचे रोहू, कटला, मृगळ अंडी घालतात आषाढ-श्रावणात, पुराचं नवं पाणी काठावरच्या गवतात पसरतं तिथे. अंडं एका दिवसाच्या आत फुटतं. म्हणजे अश्विनापर्यंत आमच्या माशाचं बाळंतपण उरकलेलं असतं, पिल्लं बोटाएवढी झालेली असतात आणि मोठा मासा रिकाम्या अंगानं खायला निघालेला असतो. डीवर माशाला डिवचायचं, गंगेवर त्याला जेवू घालायचं. इथली फ्लाय म्हणूनच खाऊ दिसायला हवी. त्या पाण्यात त्या दिवशी जे पिल्लू पळत असेल, त्याच्या रंगाची.

फ्लायवर येणारा आमचा खरा मासा मरळ. रोहू-मृगळाला कणीक आणि शेंगदाण्याची पेंड बरी. मरळ शिकारी आहे, वरचं बघतो, आणि त्याला हवेतला श्वास घ्यायला पाण्याबाहेर तोंड काढावंच लागतं, त्यामुळे तो स्वतःच आपली जागा सांगतो. पूर उतरताना तो हमखास भेटतो ते ओढ्याच्या तोंडाशी. शेतात, पांदीत शिरलेलं पाणी ओढ्यानं परत गंगेत येतं, त्याबरोबर बेडकं, किडे, झिंगे, लहान चिलापी सगळं खाली येतं. ओढ्याचं पाणी आधी निवळतं, गंगेचं नंतर. दोन पाणी जिथे मिळतात तिथे एक रेघ दिसते, एका बाजूला गढूळ, एका बाजूला नितळ. मरळ गढुळात उभा राहून नितळाकडे बघतो. मी त्या रेघेच्या नितळ बाजूला, तोंड दिसलं त्याच्या हातभर पुढे फ्लाय टाकते.

ही फ्लाय मी घरी बांधते. शेपूट बकरीच्या केसांचं, मान गावठी कोंबडीच्या पिसांची, डोकं जुन्या चपलेच्या फोमचं, म्हणजे ती तरंगते आणि ओढली की पाणी ढकलते. गळाच्या टोकापुढे जाड तंगुसाची एक कमान बांधते, नाहीतर पुरानं आणून टाकलेल्या वेड्या बाभळीत प्रत्येक फेक अडकेल. काठी भावानं दिलेली एकहाती नऊ फुटांची. ही काठी बघायला काठावर पोरं जमतात आणि मी त्यांना दोरी फेकू देते.

यंदा ओढ्याचं तोंडच हललं होतं. जुनं तोंड वाळूनं भरलेलं आणि शंभर-दीडशे पावलं खाली दरड कापून नवीन पडलेलं. पुरानंतर पहिलं काम काठी जोडायचं नाही, चालायचं. काठीच्या बुडानं गाळ दाबत, कारण वरून सुकलेला दिसणारा गाळ आतून मांडीएवढा खोल असतो. दरडीच्या टोकावर उभं राहायचं नाही, खालून ती पोखरलेली असते. वाहून आलेल्या काडीकचऱ्याच्या ढिगात साप असतात. आणि सगळ्यात जास्त काळजी शेतकऱ्यांच्या मोटारींच्या वायरींची. पुरात खांब वाकतात, वायर पाण्यात लोळत असते, आणि वीज कधी परत येईल ते कुणाला माहीत नसतं. शाळकरी पोरांना मी हे दरवेळी सांगते आणि इथेही ठळक सांगते.

नव्या तोंडाशी आमच्या गावचे भोईकाका थर्माकोलच्या तराफ्यावर जाळी बघत होते. त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि पाण्यावर एका ठिकाणी बोट दाखवलं. तिथे पाणी बारीक उकळत होतं, लालसर पिल्लांचा एक थवा. खाली जोडी असणार. मरळ नर-मादी दोघं मिळून पिल्लं राखतात, आणि त्या वेळी त्यांच्यासमोर काहीही टाका, ते धावून येतात. तिथे फ्लाय टाकली तर मासा नक्की मिळतो, आणि मागे राहिलेला तो सगळा थवा एका दिवसात दुसरे मासे खाऊन टाकतात. आम्ही दोघंही तिथून दूर गेलो. काकांच्या घरी त्या दिवशी विकायला मासा कमी होता, तरी गेले. मला त्यांचा फार अभिमान वाटतो.

खाली, रेघेच्या कडेला, एक तोंड दिसलं. दुसऱ्या फेकीला पाणी फुटलं. मरळ लागला की पहिला झटका झाडोऱ्याकडे. तिथे गेला तर दोरी गेली. काठी आडवी धरून त्याला मोकळ्या पाण्याकडे वळवलं. काठावर बापू "ढील नको देऊ, माय" म्हणत होते. सव्वा किलोचा निघाला. तो घरी नेला, धर्माबादच्या तिखटात आईनं रस्सा केला. त्यानंतर लागलेले सोडले.

पुरात मासा वर जातो, ही गोष्ट आमच्याकडे 'चढणीचे मासे' म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे. पण चढायला वाट लागते. स्कॉटलंडमध्ये पिटलॉक्री धरणाच्या कडेला सामनसाठी ३१० मीटर लांबीची जिना-वाट आहे, ३४ टाक्यांची, १९५१ पासूनची. मासा एका टाकीतून पुढच्या टाकीत जात वर पोचतो. गोदावरीवर बंधाऱ्यांची रांग लागली आहे, आणि आमचे रोहू-कटला सामनसारखे उड्या घेत नाहीत, त्यामुळे तो जिना जसाच्या तसा इथे उचलून आणून भागणार नाही. पण आमच्या तालुक्यातल्या बाभळी बंधाऱ्यावर माशांना एक वाट आपोआप मिळाली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार बाभळी बंधाऱ्याचे १४ दरवाजे दरवर्षी १ जुलै ते २८ ऑक्टोबर वर उचललेले असतात. निकाल महाराष्ट्र आणि तेव्हाचा आंध्र यांच्या पाणीवाटपाचा होता, माशांचा नव्हता. तरी ते चार महिने म्हणजे नेमका आमच्या माशांचा विणीचा आणि फिरण्याचा काळ. पोचमपाडच्या फुगवट्यातला मासा तेवढ्या दिवसांत बाभळीतून वर येऊ शकतो.

आणि नेमकं तेव्हाच दरवाज्यांच्या खांबांमध्ये आडवी जाळी लागतात. एका पावसाळ्यात अंड्यांनी भरलेल्या माद्या टोपल्यांनी निघतात. १० जुलै १९५७ ला डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. अलिकुन्ही यांनी ओडिशात पीयूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन कार्प माशांना तळ्यात अंडी घालायला लावलं, त्यामुळे आज माशांचं बीज, म्हणजे पिल्लं, विकत मिळतं, धरणात सोडता येतं. म्हणून कुणाला वाटतं नदीतली मादी गेली तरी काय बिघडलं. माझं मत वेगळं आहे. विकतचं बीज येतं ते मुख्यतः मोजक्या जातींचं. वाम, मरळ, शिंगाडा यांना आणि ज्यांना बाजारात भाव नाही त्या सगळ्या लहान जातींना नदीच लागते. जाळं नदीभर लावा, पण पावसाळ्यात दरवाज्यांच्या वाटेत नको. एवढी एक गोष्ट गावागावांनी आपसांत ठरवली तरी पुरे. भोईकाकांनाही ते मान्य आहे; त्यांची तक्रार बाहेरून येणाऱ्या बारीक आसाच्या, म्हणजे बारीक छिद्रांच्या, जाळ्यांबद्दल आहे, आणि ती खरी आहे.

२९ ऑक्टोबरला दरवाजे खाली येतील, पाणी थांबेल, मरळ कडेच्या गवतात जाईल आणि फ्लायचे दिवस संपतील. मग कणीक घेऊन रोहूच्या मागे. पुढच्या १ जुलैला दरवाजे उचलतील तेव्हा वर्गातली पोरं घेऊन बाभळीला जायचं ठरवलंय. कोणता मासा कधी वर जातो, मादी किती, नर किती, याची वही ठेवायची. माशांची इथली नावं भोईकाका सांगणार आहेत, शास्त्रीय नावं मी शोधीन, आणि रोज तुऱ्हाटी बघून पाण्याची उंची बापू लिहून देणार आहेत.